आईबाबांना अलास्काला न्यायचंय, पण ते ‘थंडी’ म्हणतात

पत्राचा सारांश : टेक्सासमध्ये राहणाऱ्या ४२ वर्षांच्या एका वाचक मैत्रिणीचं हे पत्र. ती आणि तिचा नवरा दोघंही एच-वन-बी व्हिसावर नोकरी करतात. मुलं ११ आणि ७ वर्षांची, तिथेच जन्मलेली. आईवडील नाशिकला. वडील ७६ वर्षांचे, रेल्वेतून निवृत्त, मधुमेह आणि रक्तदाब आहे. दोन वर्षांपूर्वी त्यांची अँजिओप्लास्टी झाली तेव्हा हिला येता आलं नव्हतं. आई ७० वर्षांची, शाकाहारी, गुडघे दुखतात. भाऊ, वहिनी आणि त्यांची दोन शाळकरी मुलंही नाशिकलाच. पुढच्या जूनमध्ये सिअ‍ॅटलहून सुटणारी सात रात्रींची अलास्का क्रूझ तिने दहाही जणांसाठी शोधून ठेवली आहे. ‘आईबाबांची ही शेवटची मोठी ट्रिप असेल, ती सगळ्यांनी मिळून व्हावी,’ अशी तिची इच्छा आहे. पण आई म्हणते, थंडी सोसायची नाही. वडील म्हणतात, आम्हाला कशाला एवढा खर्च. भाऊ मुलांच्या शाळेचं कारण सांगतो आणि ‘तुमचा खर्च मी करते’ म्हटलं की विषय बदलतो. नवरा म्हणतो, सोडून दे, आपण चौघं जाऊन येऊ. महिनाअखेर डिपॉझिट भरायचं आहे. आग्रह करून बुकिंग करून टाकावं, की थंड ठिकाणाचा नाद सोडून सगळ्यांना कुठेतरी उबदार जागी न्यावं, हा तिचा प्रश्न.

आधी थंडीचंच बघू, कारण ती मोजता येते. अलास्का म्हटलं की बर्फात गाडलेली घरं डोळ्यांसमोर येतात. पण तुमची क्रूझ जाणार आहे ती अलास्काच्या आग्नेयेकडच्या किनारपट्टीला, आणि तिथला पर्यटनाचा हंगामच मुळी मे ते सप्टेंबर. जूनमध्ये जुनो शहरात दुपारचं तापमान साधारण १५ ते १८ अंश असतं, पहाटे ८-१० अंश. नाशिकला डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली उतरतोच. निफाडचा आकडा तर दर हिवाळ्यात पेपरात छापून येतो. तुमच्या आईने असे कितीतरी हिवाळे पहाटे उठून काढलेत. तिथे जास्त जाणवतो तो वारा आणि ओल. त्याची तयारी करता येते, ती पुढे सांगते.

मग आई थंडी का म्हणते? मला वाटतं, थंडी हे व्हिडिओ कॉलवर सगळं घर ऐकत असताना सांगता येण्यासारखं कारण आहे म्हणून. गुडघ्यांमुळे आपल्याला चालवणार नाही आणि आपल्यापायी नातवंडं खोळंबतील, हे सांगायला जड जातं. परक्या देशात, त्यातही समुद्रात, ह्यांच्या छातीत दुखायला लागलं तर काय, हे तर ती बाबांसमोर बोलणारच नाही. बाबांचंही तसंच. शहात्तराव्या वर्षी, मधुमेह आणि रक्तदाबाच्या गोळ्या चालू असताना, अनेक पुरुषांना प्रवासाची खरी धास्ती असते ती बाथरूमची. तीन तासांच्या बसप्रवासात दोनदा जावं लागलं तर? ही गोष्ट बाप लेकीला सांगत नाही. तो खर्चाचं कारण पुढे करतो.

अर्थात खर्चाचं कारणही खोटं नाही. तुमच्या बाबांच्या पिढीतल्या माणसाला लेकीच्या आणि जावयाच्या पैशाने आठ दिवस हिंडणं अवघड वाटतं. तुम्ही पत्रात ‘जुने विचार’ म्हणून ते बाजूला सारलंय. मी तसं करणार नाही. आयुष्यभर स्वतःच्या रेल्वे पासावर कुटुंबाला फिरवलेल्या माणसाला, आता आपण नुसतं सामानासारखं नेले जाणार, असं वाटू शकतं. त्यांना त्यात स्वतःचं काहीतरी घालता आलं पाहिजे. मुंबई ते टेक्सासचं दोघांचं तिकीट त्यांना काढू दे. रुपयांत काढतील, आणि तुम्ही ‘कशाला बाबा’ न म्हणता काढू द्या.

हे सगळं माझे अंदाज आहेत. खरं काय ते तुम्हाला विचारूनच कळेल, पण सगळे जमलेल्या रविवारच्या कॉलवर ते कळणार नाही. एकेकाला वेगळा फोन करा. आणि आईबद्दल बाबांना विचारा, बाबांबद्दल आईला. ‘आईला जिना चढताना किती त्रास होतो हल्ली?’, ‘बाबा रात्री किती वेळा उठतात?’ स्वतःविषयी गप्प बसणारी ही माणसं एकमेकांविषयी भरभरून सांगतात. तेही फोनवर, दुसरं माणूस देवळात किंवा बाजारात गेलेलं असताना.

भावाकडे वळू. त्याचं शाळेचं कारण खरं आहे, पण अर्धंच. महाराष्ट्रात शाळा जूनच्या मध्यावर उघडतात आणि टेक्सासमध्ये मुलांना मे अखेरीला सुट्टी लागते. म्हणजे दोन्ही घरची मुलं मोकळी असतात ते मे अखेर ते साधारण १२ जून एवढेच दिवस. जूनच्या पहिल्या आठवड्यात सुटणारं जहाज धरलं तर शाळेचा प्रश्न जवळजवळ मिटतो. पण त्या चौघांपैकी कोणाकडेही अमेरिकेचा व्हिसा नाही, असं तुम्हीच एका ओळीत लिहिलंय. मुंबईत पर्यटक व्हिसाच्या मुलाखतीची तारीख मिळायला कित्येक महिने लागू शकतात. आणि पैशांचं म्हणाल तर, बहिणीने दिलेल्या पैशाने बायकामुलांना परदेशी न्यायचं आणि नंतर वर्षानुवर्षं घरात त्याचा उल्लेख होत राहणार, हे त्याला आत्ताच दिसत असेल. त्याच्या विषय बदलण्याला तुम्ही ‘थंडपणा’ म्हटलंय. मला त्यात संकोच दिसतो. त्याला एकदा स्पष्ट सांगा : आलास तर फार आवडेल, जमलं नाही तर आमच्या मनात काही नाही. आणि हे वहिनीलाही स्वतः सांगा, भावामार्फत नको.

म्हणून डिपॉझिट सहा जणांचं भरा, दहांचं नको. परत मिळणाऱ्या डिपॉझिटचा दर निवडा, तो थोडा महाग असला तरी. बहुतेक कंपन्या पूर्ण रक्कम सुटण्याच्या साधारण तीन महिने आधी मागतात आणि त्यानंतर रद्द केलं तर कापली जाणारी रक्कम टप्प्याटप्प्याने वाढत जाते. म्हणजे महिनाअखेरीला तुम्हाला वाटतेय तेवढी घाई नाही. तुमच्याकडे विचारपूस करायला वेळ आहे.

आता तुमच्याबद्दल. ‘शेवटची मोठी ट्रिप’ हे शब्द पत्रात तीनदा आलेत. तुम्ही ते आईबाबांसमोर उच्चारले नसतील, तरी त्यांना ते ऐकू येत असणार. अशा ट्रिपला कोणी दुपारी झोपू शकत नाही, कोणी ‘मला व्हेल बघायला नाही यायचं’ म्हणू शकत नाही, मुलांनी भांडायचं नाही, पावसाने पडायचं नाही. एवढा भार सात दिवसांना झेपत नाही. अँजिओप्लास्टीच्या वेळी येता आलं नाही याची टोचणी तुम्हाला आहे, हे समजतं. पण ती टोचणी बाबांच्या बाजूने आहे का, हे तुम्ही त्यांना कधी विचारलेलं दिसत नाही. तो विषय क्रूझच्या आधी, क्रूझशिवाय बोलून टाका. तुमच्या नवऱ्याचं ‘सोडून दे’ हेसुद्धा तुम्हाला सारखं नाराज होताना बघून आलेलं असावं. त्याच्यावर रागावू नका.

उबदार ठिकाणाचा पर्याय मी बाजूला ठेवते. अडचण गुडघ्यांची, बाथरूमची आणि संकोचाची असेल तर ती समुद्रकिनाऱ्यावरच्या हॉटेलातही तितकीच राहील. उलट या तिन्ही गोष्टींसाठी क्रूझ बरीच सोयीची आहे, हे तुम्ही त्यांना नीट सांगितलेलं दिसत नाही. सामान एकदाच उघडायचं. रोज नवं हॉटेल नाही. लिफ्ट आहे, डॉक्टर आहे, स्वच्छतागृह कायम हाकेच्या अंतरावर. आणि दिवसभर प्रत्येकाने आपापल्या मनाचं करून रात्री जेवायला एका टेबलावर येता येतं. ‘सगळं सगळ्यांनी मिळून’ हा हट्ट मात्र तुम्हाला सोडावा लागेल.

आईबाबांसाठी या प्रवासातला सगळ्यात चांगला दिवस कुठला, असं मला विचाराल तर मी ग्लेशियर बेचा दिवस सांगेन, आणि मार्ग निवडताना तेवढं एक जरूर बघा, कारण सिअ‍ॅटलहून सुटणारं प्रत्येक जहाज तिथे जात नाही. हे राष्ट्रीय उद्यान आहे आणि दिवसाला दोनच मोठ्या क्रूझ जहाजांना आत सोडतात. त्या दिवशी कुठेही उतरायचं नसतं. बस नाही, रांग नाही. उद्यानाचे रेंजर छोट्या बोटीतून येऊन जहाजावर चढतात आणि दिवसभर माहिती सांगतात. १७९४ मध्ये कॅप्टन व्हँकुव्हरच्या मोहिमेतली माणसं इथे आली तेव्हा बर्फाची भिंत जवळपास खाडीच्या तोंडाशी होती. आज तीच खाडी सुमारे १०० किलोमीटर आतपर्यंत उघडी झाली आहे, आणि जहाज त्या एकेकाळच्या बर्फाच्या जागेवरून आत जातं. टोकाशी मार्जरी हिमनदीसमोर ते थांबतं आणि हळूहळू फिरतं, म्हणजे दोन्ही बाजूंच्या केबिनना समोरचं दिसतं. बर्फाचा कडा निखळताना आधी नुसता दिसतो, पाण्यात पडतो, आणि गडगडाट नंतर येतो. अंतर जास्त असल्यामुळे आवाजाला पोचायला वेळ लागतो. मुलांना हे आधी सांगून ठेवा, ती सेकंद मोजत बसतील. आई हे सगळं काचेच्या मोठ्या खिडक्यांच्या हॉलमध्ये खुर्चीवर बसून, हातात चहा घेऊन बघू शकते. वाटलं तर दहा मिनिटं डेकवर जाऊन यायचं.

बाबांचा दिवस वेगळा. स्कॅगवे या बंदराला व्हाइट पास अँड युकॉन रूट नावाची नॅरोगेज रेल्वे आहे. कॅनडातल्या क्लोंडाइकच्या सोन्यासाठी माणसांची झुंबड उडाली होती तेव्हा, १८९८ मध्ये, तिचं काम सुरू झालं आणि १९०० मध्ये संपलं. समुद्रसपाटीवरून निघून सुमारे ३२ किलोमीटरमध्ये ती जवळपास ९०० मीटर चढते. आपल्या कसारा घाटातला १ ला ३७ चा (म्हणजे ३७ फुटांमागे एक फूट) चढ आणि मागून ढकलणारी बँकर इंजिनं बाबांना तोंडपाठ असतील. इथला सगळ्यात तीव्र चढ जवळपास १ ला २६ आहे. याबद्दल तुम्ही त्यांना एक शब्दही सांगितलेला नाही, आणि रेल्वेतल्या माणसाला अलास्काला यायला याहून चांगलं कारण दुसरं नाही. डब्यात स्वच्छतागृह असतं, फेरी तीनेक तासांत परत येते, खिडकीशी बसून सगळं दिसतं. या गाडीची सगळ्यांची तिकिटं बाबांना काढू द्या आणि माहितीही त्यांनाच काढायला लावा. नातवंडांना घाट समजावून सांगण्याचं काम त्यांचं. फक्त खिंडीपर्यंत जाऊन परत येणारी फेरी घ्या. पुढे कॅनडात जाणारी फेरी वेळखाऊ आहे आणि तिला कागदपत्रांचीही कटकट आहे.

बाकीची बंदरं मी थोडक्यात आटपते. जुनोला बाहेरच्या जगाशी जोडणारा रस्ताच नाही, विमानाने किंवा बोटीनेच जावं लागतं. तिथून मेंडेनहॉल हिमनदी गावापासून वीसेक किलोमीटरवर आहे. तिच्यासमोरच्या फोटो पॉइंटपर्यंतची छोटी पायवाट सपाट आणि पक्की आहे, व्हीलचेअरही जाते. व्हेल बघायच्या बोटी इथूनच सुटतात. हंपबॅक व्हेल हिवाळ्यात हवाईला असतात आणि उन्हाळ्यात खाण्यासाठी इकडे येतात, त्यामुळे जूनमध्ये त्या दिसण्याची शक्यता चांगली. तुम्ही मुलांना घेऊन जा, आईबाबांना आग्रह नको. सॅमन मासे आणि ते पकडणारी अस्वलं बघायची असतील तर मात्र जुलै-ऑगस्ट लागतो, जूनच्या सुरुवातीला ते फारसं मिळत नाही. त्या बदल्यात डोंगरांवर बर्फ जास्त आणि पाऊस ऑगस्ट-सप्टेंबरपेक्षा कमी. जुनोत २०२४ पासून दिवसाला पाचच मोठी जहाजं, अशी मर्यादा आहे. पण गाव बत्तीसेक हजार वस्तीचं, त्यामुळे पाच जहाजांची गर्दीही गर्दीच असते. सकाळी लवकर बाहेर पडून जेवायला जहाजावर परत या. केचिकनला पाऊस जवळपास गृहीतच धरायचा. वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो. महाबळेश्वरपेक्षा कमीच, पण तो वर्षभर थोडा थोडा पडत राहतो. तिथे लाकडी टोटेम खांब बघा. त्या किनाऱ्यावरच्या मूळ लोकांच्या कुळांच्या गोष्टी त्यावर कोरलेल्या असतात. आणि प्रत्येक बंदराच्या पुढे ‘टेंडर’ लिहिलंय का तेही तपासा. तसं असेल तर जहाज धक्क्याला न लागता बाहेर नांगर टाकतं आणि लहान बोटीत उतरावं लागतं. दुखऱ्या गुडघ्यांना ती हलती पायरी त्रासाची.

सिअ‍ॅटलऐवजी व्हँकुव्हर घ्यावं का, असं तुम्ही विचारलंय. समुद्र लागण्याची भीती असेल तर व्हँकुव्हर बरं. तिथून निघणारी जहाजं व्हँकुव्हर बेट आणि मुख्य भूमी यांच्या मधून, आडोशाने जातात. सिअ‍ॅटलची बहुतेक जहाजं बेटाच्या बाहेरून, मोकळ्या पॅसिफिकमधून जातात, त्या दिवशी थोडं हलतं. सिअ‍ॅटलला पोचणं मात्र सोपं. मी सिअ‍ॅटलच ठेवेन, आणि आईबाबांची केबिन जहाजाच्या मध्यभागी, खालच्या मजल्यांपैकी एकावर, लिफ्टजवळ घेईन. तिथे हलणं सगळ्यात कमी जाणवतं.

केबिनच्या बाबतीत तुमचा बेत मला उलटा करावासा वाटतो. तुम्ही स्वतःला बाल्कनीची आणि आईबाबांना आतली, बिनखिडकीची केबिन धरली आहे, ‘त्यांना काय, झोपायलाच लागणार’ म्हणून. तुम्ही चौघं दिवसभर बाहेर असाल. खोलीत जास्त वेळ तेच असतील. बाल्कनी त्यांना द्या. जूनमध्ये तिथे अठरा तास उजेड असतो, रात्री दहालाही दिसतं. बाबा शाल पांघरून तासन्‌तास बसतील. आणि बाथरूमच्या दाराशी लक्ष द्या. साध्या केबिनमध्ये तिथे चार बोटं उंच असा उंबरठा असतो आणि आतला शॉवर इतका अरुंद की वळताना कोपर पडद्याला लागतं. रात्री झोपेत उठणाऱ्या माणसाला तो उंबरठा धोक्याचा. व्हीलचेअरसाठी केलेल्या केबिनमध्ये उंबरठा नसतो, धरायला दांड्या असतात. पण अशा केबिन थोड्या असतात आणि ज्यांना गरज आहे त्यांनाच देतात. आईच्या गुडघ्यांबद्दल कंपनीला आत्ताच कळवा.

जेवणाचं तुम्ही घेतलंय त्यापेक्षा कमी टेन्शन घ्या. शाकाहारी जेवणाची नोंद बुकिंग करतानाच करायची आणि पहिल्या संध्याकाळी डायनिंग हॉलच्या मुख्य वेटरला भेटून परत सांगायचं. अंडं चालतं की नाही, तेही. उद्याचं जेवण आदल्या रात्री सांगितलं तर वरण-भातासारखं साधं काहीतरी बऱ्याचदा करून देतात. जहाजांवर काम करणारे गोव्याचे लोक पिढ्यानपिढ्या आहेत, स्वयंपाकघरात किंवा हॉलमध्ये कोणीतरी कोकणी-मराठी बोलणारं भेटण्याची शक्यता बरीच आहे, आणि आईला त्याने किती धीर येईल ते बघा. मात्र इलेक्ट्रिक किटली बॅगेत टाकू नका. अमेरिकेहून सुटणाऱ्या जहाजांवर तापणाऱ्या वस्तू चालत नाहीत, तपासणीत काढून घेतात. घरी केलेलं ताजं जेवणही नेता येत नाही. मेतकूट, दाण्याची चटणी, खाकरे असं कोरडं, कंपनीचं सील असलेलं पाकीट चालतं. गरम पाणी आणि साधा भात बुफेत मिळतो. त्यात झटपट पोह्यांचं पाकीटही निभावतं. तूप जपून न्या, सांडतं.

कपड्यांसाठी टेक्सासहून जाडजूड कोट विकत घेऊन पाठवू नका. पातळ थर एकावर एक हवेत : अंगालगत थर्मल, त्यावर लोकर किंवा फ्लीस, आणि सगळ्यांत वर वारा-पाऊस अडवणारं, टोपी असलेलं जाकीट. आई साडीच नेसणार असेल तर आतून थर्मल लेगिंग चालतं. सुती कपडा भिजला की अंगावर गार होऊन बसतो, म्हणून आतला थर सुती नको. कानटोपी आणि हातमोजे हवेतच, हिमनदीसमोरच्या डेकवरचा वारा कानांना झोंबतो. सगळ्यांत महत्त्वाचे बूट. आईला नाशिकमध्येच, दोन महिने आधी, ओलसर जमिनीवर न घसरणारे बूट घ्यायला सांगा आणि रोज संध्याकाळी ते घालून फिरू दे. नवे बूट जहाजावर पहिल्यांदा घातले तर तिसऱ्या दिवशी ती खोलीतच बसेल.

तब्येतीची बाजू मात्र मी हलकी करणार नाही. जहाजावर डॉक्टर असतो, प्राथमिक उपचार होतात, पण हृदयाचं काही गंभीर झालं तर ते पुरत नाही. जुनोला रुग्णालय आहे, तरी गंभीर रुग्णाला तिथून अनेकदा विमानाने सिअ‍ॅटल किंवा अँकरेजला हलवतात, आणि तो खर्च माणसाला घाम फोडणारा असतो. म्हणून आधीपासूनचे आजार आणि विमानाने हलवण्याचा खर्च धरणारा विमा घ्या. अमेरिकेत येणाऱ्या पालकांसाठी जो नेहमीचा विमा काढतात, तो समुद्रात आणि कॅनडात लागू होतो का, जुने आजार कुठवर धरतो, हे लेखी विचारून घ्या. बाबांच्या हृदयरोगतज्ज्ञांनाही आधी विचारा, त्यांचं पत्र आणि औषधांची यादी सोबत ठेवा. त्यांनी नको म्हटलं तर तिथे विषय संपला. बंदरावर बॅगा घेऊन जातात त्या संध्याकाळी केबिनला पोचतात. औषधं त्या बॅगेत नकोत, हातातल्या पिशवीत हवीत, आठ दिवसांऐवजी पंधरा दिवसांची. मुंबईहून आल्यावर दोन आठवडे तुमच्या घरी राहू दे, झोप जागेवर येऊ दे, आणि सिअ‍ॅटलला जहाज सुटण्याच्या आदल्या दिवशी पोचा, त्याच दिवशी नको.

हिशेब करताना जाहिरातीतला आकडा धरू नका. त्यावर बंदराचे कर, दरमाणशी दररोज पंधरा-वीस डॉलरच्या आसपास टिप, बंदरांवरच्या सहली, इंटरनेट, विमा आणि सिअ‍ॅटलचं विमान व हॉटेल, एवढं चढतं. सहली सगळ्यांनी सगळ्या करायच्या नाहीत हे ठरलं की त्यातले बरेच पैसे वाचतात.

आणि समजा, एकेकाशी बोलल्यावर कळलं की आईला खरंच यायचं नाही. गुडघे नाहीत, बाबा नाहीत, तिला फक्त इतक्या लांब यायचं नाही. तर ते ऐका. तुम्ही चौघं जूनमध्ये अलास्काला जा आणि उरलेल्या पैशांत डिसेंबरात तीन आठवडे नाशिकला या. त्यात कोणाचं कमी होत नाही.

व्हिसाचं शेवटी लिहितेय, पण काम ते सगळ्यांत आधीचं. ‘आईबाबांकडे अमेरिकेचा व्हिसा आहे, म्हणजे तो प्रश्न मिटला’ असं तुम्ही धरलंय. तो मिटलेला नाही. १८८६ च्या अमेरिकी कायद्यामुळे परदेशी नोंदणीचं जहाज सिअ‍ॅटलहून प्रवासी घेऊन, मध्ये परदेशी बंदराला न लागता, परत सिअ‍ॅटलला येऊ शकत नाही. म्हणून ही जहाजं एका संध्याकाळी कॅनडातल्या व्हिक्टोरियाला थांबतात. भारतीय पासपोर्टवर त्यासाठी कॅनडाचा व्हिसा लागतो, तुम्ही जहाजातून उतरणार नसलात तरी. तो नसेल तर सिअ‍ॅटलच्या धक्क्यावरच अडवतील. आईबाबांना तो लागेल आणि एच-वन-बीवर असल्यामुळे तुम्हा दोघांनाही. ग्रीन कार्ड असलेल्यांना लागत नाही. मुलांना त्यांचा अमेरिकी पासपोर्ट पुरेल. तुमच्या पासपोर्टवरचा एच-वन-बीचा शिक्का संपलेला असेल तर परतीच्या प्रवेशाबद्दल कंपनीच्या इमिग्रेशन वकिलाला आधी विचारा. आईबाबांना कॅनडाच्या अर्जासाठी बोटांचे ठसे द्यायला मुंबईला किंवा पुण्याला जावं लागेल, ७९ वर्षांपर्यंत त्यातून सूट नाही. ते काम फेब्रुवारीच्या आत, नाशिकची हवा गार असताना उरकू दे, एप्रिलच्या उन्हात त्यांना पळवू नका. भावालाही त्याच सुमारास अमेरिकेच्या व्हिसाचा अर्ज भरायला सांगा. तारीख जूननंतरची मिळाली तरी मिळालेला व्हिसा सहसा दहा वर्षं चालतो.